वर्ध्यानं कुणाच्यात जेवायचं

कोल्हापूर
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

राजमती अक्का,

नमस्कार-चमत्कार मागनं. आधी मला एवढं सांगा, माझ्या घरात तुमच्या नातवाला काय साप चावणार हुता का? गेल्या रविवारी काका वर्ध्याला घेऊन तुमच्याकडं चातुर्मासाला जाऊन आले, आनि सोमवारी सकाळी सव्वासहाला तुमची सून माझ्या दारात हुबी. नजर खाली. म्हणाली, मावशी, आजपासनं वर्धमानला तुमच्याकडं सोडायचं न्हाय, आत्तींचा निरोप हाय. एवढं बोलली आनि तितंच उंबऱ्यावर बसून रडाय लागली. तिचं बघून कडंवरचा वर्ध्या रडाय लागला, त्याचं बघून माझी दीप्ती. मला साडेसहाला खानावळीत भाकरीला बसायचं असतंय. दारात तीन माणसं रडतात आनि मी त्यांच्यावरनं टांग टाकून बाहेर पडले.

सांजंला काकांना विचारलं, काय झालं वो? तर ते चष्मा पुसाय लागले. शाहूपुरीतल्या दुकानात गिऱ्हाईकाला तासभर सोडत न्हाय त्यो माणूस, आनि जिन्यात चष्मा पुसतोय.

तुम्हाला फोन लावावा तर तुम्ही चार महिन्यांचा नियम घेतलाय. लोक गूळ सोडतात, तूप सोडतात, तुम्ही फोन सोडला, त्योबी नेमका भांडायची येळ आल्यावर. म्हणून चौथी शिकलेल्या बाईला दीप्तीच्या रंगवायच्या वहीतलं पान फाडून लिवाय बसावं लागलंय. मागं हत्ती हाय तिकडं बघू नका.

आमचं काय ठरलंय ते तुम्हाला म्हाईत हाय, तरी लिवते, कागदावर असू दे. सकाळी मी खानावळीत, तवर दीप्तीला तुमची सून दीपा बघती. अकराला मी घरात. साडेअकराला दीपा रक्त तपासायच्या लॅबला जाती, ते सांज हुईतोवर वर्ध्याला मी बघते. तुमचा अरिहंत आठवड्यातनं चार दिस फिरतीवर. तुमचे मालक दुकानात. तुम्ही तिकडं. मग त्या पोरीनं लेकराला काय खिशात घालून न्यायचं? सप्टेंबरपासनं तिला लॅबवाले डॉक्टर कायम करणार हायत. आत्ता ती घरी बसली की तिची जागा गेली, आनि परत कुणी बलवत न्हाय.

तुम्हीच एकदा म्हणालता, शेवंता, थोरला संघर्ष नोकरीला लागला आनि तू अजून पाळणा हलवतीयास. हलवते की. शेहेचाळीस वर्साची हाय मी आनि माझ्या लेकराच्या बरोबरीच्या आया पंचवीस-अठ्ठावीसच्या. त्यांच्यातली एक, तुमची सून, माझ्या लेकरासाठी रोज पाच तास देती. तिच्यासाठी मी सात दिले तर तुमचं काय गेलं?

काय झालं ते सरळ लिवा.

शेवंता

*

रविवार, ३ ऑगस्ट

सौ. शेवंताबाईंना राजमतीचा जय जिनेंद्र.

तुझा कागद मिळाला. हत्ती पण बघितला. यांना बाहेर कट्ट्यावर बसवून लिहिते आहे, चारची गाडी आहे, म्हणून थोडक्यात.

साप चावला नाही. त्याहून वाईट झालं.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. आमचे स्वामी दिवसातनं एकदाच, उभं राहून, ओंजळीत आहार घेतात. मध्येच केस निघाला किंवा काही अभद्र कानावर आलं की तिथंच थांबतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. याला अंतराय म्हणतात. गेल्या रविवारी आहार आमच्या हातून होता. बारा वर्षांत पहिल्यांदा माझा नंबर लागला होता. चाळीस बायका हात जोडून उभ्या. स्वामींचे दोन घास झाले होते. मी सोललेल्या नारळाचा गोटा ताटात ठेवला, तेवढ्यात माझ्या पदराला धरून उभा असलेला वर्धमान बोट दाखवून म्हणाला, "आज्जी, केवढं मोठं अंडं."

स्वामींनी ओंजळ सोडली.

चाळीस बायकांनी आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. एकीनं नंतर हात धुताना विचारलं, तुमच्यात चालतं का हो? जमिनीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या घरात तो शब्दसुद्धा कुणी काढत नाही. मग अडीच वर्षांच्या पोराला ते बघून माहीत कुठनं? आठ वर्षांचं होईतोवर लेकराच्या खाण्याचा दोष आईबापाला आणि घरातल्या मोठ्यांना लागतो. मी तो कुणाकुणाचा भोगू?

तुझ्या घराबद्दल माझं काही नाही. हे खाण्याबद्दल आहे. दीपानं थोडी रजा घ्यावी. अगदीच अडलं तर खाली घरमालकीण चिमणाबाई आहेत, त्या ठेवून घेतील, मी त्यांना निरोप दिला आहे.

दीप्तीचा खोकला थांबला नसेल तर माझ्या गॅलरीतल्या कुंडीत अडुळसा आहे. तोडून घे, विचारत बसू नको.

राजमती

*

शनिवार, ९ ऑगस्ट

अक्का, जय भीम.

तुमचं पत्र खानावळीच्या मागल्या दारात बसून वाचलं. केवढं मोठं अंडं, हितपर्यंत आले आनि मला हसू आवरंना, परातीतलं पीठ उडालं. मग म्होरं वाचलं की स्वामी दुसऱ्या दिवसापतोर उपाशी राहिले. तवा पीठ झटकून सरळ बसले. वयस्कर माणूस, एकदाच जेवतंय, तेबी हातातनं गेलं. त्यांना माझ्याकडनं माफी सांगा. तुमची मागत न्हाय, त्यांची मागते.

आता खरं ऐका. जुलैच्या मध्यावर एक दिस दीप्ती जेवत हुती. वर्ध्यानं तिच्या ताटलीतलं अर्धं अंडं उचललं आनि तोंडात कोंबलं. मी पळत जाऊन बोट घातलं. पिवळं निघालं, पांढरं गेलं. माझ्या बोटाला कडकडून चावला, खूण हाय अजून. त्याच सांजंला मी दीपाला सांगितलं. तीच म्हणाली, आत्तींना नका कळवू, त्यांना घेरी येईल. मी म्हणलं बरं. एवढाच माझा गुन्हा.

त्या दिवसापासनं वर्ध्याच्या देखत माझ्या घरात अंडं निघालेलं न्हाय. आनि दीप्तीला डॉक्टरनं रोज एक सांगितलंय, पोरीचं वजन भरंना झालंय. ते मी खानावळीत उकडून आणते आनि तिला जिन्यात बसवून चारते, चोरीचा माल असल्यागत. येणारं-जाणारं विचारतंय, काय खातीयास गं? ती मूठ पाठीमागं लपवती. अडीच वर्साच्या पोरीला मी लपवून खायाला शिकवलं. कुणासाठी, ते तुम्हीच सांगा.

वर्ध्याचा डबा दीपाच भरून देती, बिनकांद्याचा, बिनबटाट्याचा. पाणी मी फडक्यानं गाळून देते. त्योच डबा तुमच्या घरात त्यो मोबाईल दावल्याबिगर खात न्हाय. माझ्यात दीप्तीच्या समोर बसला की पैज लागल्यागत खातोय.

तुम्ही म्हणता रजा घ्यावी. रजा आधी अरिहंतनं घेतली, दोन दिस. दुसऱ्या दिवशी चारला त्यो माझ्या दारात, केसात भात, म्हणाला, मावशी, ह्येला बंद कसं करायचं? जणू मिक्सर हाय. मग चिमणाबाईंनी हौसेनं घेतला. बुधवारी त्यांच्यात मटण, त्या श्रावण पाळत न्हाईत. वास पार गच्चीपतोर, आनि वर्ध्या त्यांच्या चुलीपाशी डबे वाजवत बसलेला. तिसऱ्या दिवशी त्यानं त्यांचा मोबाईल पाण्याच्या पिंपात सोडला. चिमणाबाईंनी चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल परत करावं तसा त्याला आणून दिला. आता दीपा त्याला लॅबलाच नेती, बाकड्यावर बसवती. काल त्यानं तितल्या लघवीच्या बाटल्या रंगापरमाणं ओळीनं लावून ठेवल्या. डॉक्टर हसले, पर उद्या हसणार न्हाईत.

स्वामींनी उपास स्वतः घेतलाय, अक्का. ह्या लेकराचा तुम्ही ठरवलाय. चिमणाबाईंकडच्या तीन दिवसांत त्यो दुधाशिवाय काय खाल्लेला न्हाय.

आनि माझा सवाल असा हाय. बुधवार-रविवार मटण शिजतंय त्या घरात तुमचा नातू चालतोय. दीप्तीचं अंडं जिन्यात घालवलेल्या माझ्या घरात चालत न्हाय. तुम्ही लिवलंय, हे खाण्याबद्दल हाय. मग समजून सांगा की मला. चौथी शिकलेली हाय, सावकाश सांगा.

काल दीपानं राजीनामा लिवला. नेऊन द्यायच्या आधी मला दावाय आणला, मावशी, शुद्ध हाय का बघा म्हणून. मी न वाचता पिठाच्या डब्यात टाकला आनि झाकण लावून वर बसले. डॉक्टरनी तिला २५ तारखेपतोर मुदत दिलीय. त्या सोमवारी तिनं राहते का जाते ते सांगायचं. ती घरात बसली तर मला बरंच की, दीप्तीला दिवसभर बघंल. तरी मी म्हणते बसू नको. तुम्ही तिच्या सासू हायसा. तुम्हाला काय म्हणायचं ते लिवा.

शेवंता

*

सोमवार, ११ ऑगस्ट

अक्का,

काल काका हात हलवत आले. म्हणाले, लिवलं काय न्हाय, खोकला थांबला का तेवढं विचारलंय. खोकला थांबला. उत्तर आलं न्हाय.

हे टपालानं धाडते, म्हणजे काकांनी हरवलं असं कुणाला म्हणता येणार न्हाय.

शेवंता

*

रविवार, १७ ऑगस्ट

शेवंता,

गेल्या रविवारी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. यांना वाटलं मी हिशोबाच्या वहीत चुकते आहे.

स्वामींना तुझी माफी सांगितली. त्यांनी मान हलवली. त्या अंतरायाच्या दुसऱ्याच दिवशी ते आमच्याच दारात आहाराला आले होते. ते विसरले. माझ्याच मनातनं जात नाही.

तुला एक गोष्ट सांगते, ती तुझ्याजवळच ठेव. दीपाला कळू देऊ नको, यांना तर नकोच.

मी इथं धर्मासाठी आले असं सगळ्यांना सांगितलं. धर्म आहेच, नाही असं नाही. पण वर्धमान मला झेपत नव्हता. एप्रिलमध्ये तो गॅलरीच्या कठड्यावर चढला तो दिवस तुला आठवत असेल. मी समोरच बसले होते, शेंगा निवडत. गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत त्याचा एक पाय पलीकडं गेला होता. तू खालनं अशी ओरडलीस की तो भिऊन आतल्या बाजूला पडला. तू नंतर कुणाला बोलली नाहीस. मी पण नाही. पण त्या दिवसापासनं त्याच्यापाशी एकटीनं बसायचं म्हटलं की माझ्या छातीत धडधडतं. तो हसत पळाला तरी मला रडू येतं. सासू चातुर्मासाला गेली असं लोकांनी म्हणावं, ते चालेल. सासूला नातू सांभाळता येईना असं नको. फोन पण त्यासाठीच सोडला. नाहीतर दीपानं रोज विचारलं असतं, आत्ती, कधी येताय?

इथं पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही अकरा बायका आहोत. हळूहळू कळलं की त्यातल्या सहा जणी माझ्यासारख्याच निघून आलेल्या आहेत. दुपारी सामायिक, म्हणजे आमचं ध्यान, झालं की एकमेकींना नातवंडांची गाऱ्हाणी सांगतो, आणि गाऱ्हाणी सांगितली म्हणून प्रायश्चित्त घेतो.

म्हणून दीपानं घरी बसावं असं माझ्या मनात होतं. ती घरी असली म्हणजे मला परत येता येईल, आणि कुणाला काही कळणार नाही. हे चांगलं नाही, मला समजतं. तिचा राजीनामा डब्यातच राहू दे.

चिमणाबाईंचं तू विचारलंस. त्या घरमालकीण आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

मी एक मार्ग काढला आहे. तू आमच्या घरात येऊन त्याला सांभाळ. दीप्तीला पण घेऊन ये. बाहेरच्या खोलीत पंखा आहे, टीव्ही आहे. डबा दीपा बाहेरच काढून ठेवील. फक्त आत स्वयंपाकघरात जाऊ नको आणि पिण्याच्या घागरीला तेवढा हात लावू नको. त्याच पाण्यावर माझ्या परतल्यावरची सगळी पूजा आहे. तू समजूतदार आहेस, वाईट वाटून घेऊ नको.

राजमती

*

शनिवार, २३ ऑगस्ट

अक्का,

तुम्ही पळून गेलाय हे वाचून एकोणीस वर्सांत पहिल्यांदा मला तुमच्याबद्दल बरं वाटलं. आधी सांगायचं हुतं, मीबी आले असते. आठ दिस कुणी ‘आई शी झाली’ म्हणून हाक मारली न्हाय तर मी स्वामींच्या पाया पडून तितंच ऱ्हाईन. कठड्याचं मी कुणाला बोलले न्हाय कारण त्यात बोलण्यासारखं काय न्हवतं. माझी दीप्ती माझ्या डोळ्यादेखत गॅसच्या नळीला लोंबकळली हुती. दीपाच्या हातनं वर्ध्या पलंगावरनं दोनदा पडलाय. आमच्यात कुणाच्या हातनं पोरगं पडलं न्हाय अशी एक आई दावा, मी तिच्या दारात पाणी भरते. आम्ही एकमेकींना सांगतो, शिव्या देतो, चहा घेतो आनि परत धरतो. तुम्ही एकट्याच धरून बसला, म्हणून छातीत धडधडलं.

तुमचं गुपित माझ्याजवळ ऱ्हाईल. ह्या पत्राला तुमचं उत्तर काय बी येऊ दे, दीपाला माझ्या तोंडनं कळणार न्हाय. त्याचा सौदा मी करत न्हाय, आधीच सांगून ठेवते.

आता तुमच्या मार्गाचं.

मी तुमच्या घरात येणार न्हाय. तुमच्या नातवाचं ढुंगण मी धुतलेलं चालतंय, त्याला पाणी ओतून दिलेलं चालत न्हाय. घागरीला हात लावू नको आनि वाईट वाटून घेऊ नको, ही दोन वाक्यं तुम्ही एकाखाली एक लिवली, अक्का. लिवताना हात थांबला न्हाय का?

चिमणाबाईंना न्हाय म्हणता येत न्हाय आनि मला येतंय. एवढंच कारण हाय. जास्त लिवता येत न्हाय म्हणालाय, लिवायची गरजबी न्हाय, मला सगळं आलं वाचाय. एकोणीस वर्सं एका जिन्यावरनं चढतोय-उतरतोय. तुम्ही अडुळसा दिला, संघर्षच्या परीक्षेला साखर दिली, माझ्या बाळंतपणात दारात तूप ठेवून गेला. दारात. आत आला न्हाय. माझ्यासाठी कप येगळा ठेवता असं मी कधी कुणाला म्हणणार न्हाय, कारण चहाच कधी दिला न्हाय. मीबी कधी मागितला न्हाय. चूक माझीबी हाय.

पर ही दोन पोरं एका ताटलीत हात घालतात. त्यांना मी काय सांगू? दीप्ती, तू बाहेरच्या खोलीपतोर, आतला घास वर्ध्याचा? वर्ध्या येत न्हाय तरी परवा तिनं सवयीनं जिन्यात मूठ लपवलेली बघितली तवाच मी ठरवलं, आता बास.

म्हणून माझं असं हाय. वर्ध्या माझ्या घरात ऱ्हाणार. मी शिजवलेलं, माझ्या ताटलीत जेवणार. कांदा न्हाय, बटाटा न्हाय, अंडं न्हाय, दिवस मावळायच्या आत. पाणी गाळून. तुमचा नियम तुमच्या घरचा हाय, त्यो मी तुमच्यापेक्षा कडक पाळते, स्वामींना विचारून अजून काय असंल तर त्येबी लिवा. दीप्तीचं अंडं ती अकराला, वर्ध्या यायच्या आधी, माझ्या घरात, मांडी घालून ताटात खाणार. जिन्यात बसणार न्हाय. नियम मला चालतोय. नियमाचं नाव सांगून मी चालत न्हाय म्हणायचं, ते मला चालत न्हाय.

आनि तुम्ही परत आल्यावर दुपारी माझ्यात येऊन बसायचं. वर्ध्याच्या मागं पळाय मी हाय, तुम्ही नुस्तं बघायचं. भ्या वाटलं तर मला सांगायचं. पाणी घेतलं तर घेतलं, मी पुढं करणार.

दीपाला मी हे सगळं तोंडानं सांगून बघितलं, घागरीचं आनि तुमचं गुपित सोडून. ती म्हणती, मावशी, तुमचं पटतंय, पर आत्तींच्या शब्दाबाहेर मी जाणार न्हाय. मी वरडले, तरी न्हाय. तुम्हाला अशी सून मिळालीय आनि तुम्ही तिला घरात बसवाय निघालता.

तर उत्तर मला नको. दीपाच्या नावानं, तुमच्या हातानं, एका वाक्यात लिवा: वर्धमान शेवंताच्या घरात जेवंल. न्हायतर लिवा की जेवणार न्हाय. गोल गोल लिवू नका, खोकल्याचं विचारू नका. काका उद्या येतील, चारच्या गाडीला बसायच्या आधी त्यांच्या खिशात कागद घाला. कागद आला न्हाय तर मी न्हाय असंच धरीन, परत टपाल करणार न्हाय.

सोमवारी साडेअकराला दीपाला लॅबच्या पायरीपतोर सोडाय मी जाणार हाय, दोन्ही काखंत दोन पोरं घेऊन. आत जाऊन ती डॉक्टरना काय सांगणार ते तुमच्या कागदावर हाय. रविवारी, चारच्या आत.

शेवंता